फ्लिंटचा पाणीबदल आणि जलवाहिन्यांतील सूक्ष्मजीव समुदाय

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने २५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलला. १९६७ पासून हे शहर डेट्रॉइटच्या पाणीपुरवठा यंत्रणेकडून ह्यूरॉन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी विकत घेत होते. ते थांबवून शहरातूनच वाहणाऱ्या फ्लिंट नदीचे पाणी, शहराच्या स्वतःच्या जुन्या शुद्धीकरण केंद्रात प्रक्रिया करून, नळांना सोडण्यात आले. ही सोय तात्पुरती होती. ह्यूरॉन सरोवरापासून नवी जलवाहिनी बांधून होईपर्यंतचा काळ नदीवर काढायचा आणि तेवढा पैसा वाचवायचा, असा हिशेब राज्याने नेमलेल्या आणीबाणी प्रशासकाच्या कारकिर्दीत मांडला गेला. सुमारे अठरा महिन्यांनी, १६ ऑक्टोबर २०१५ रोजी, शहराला पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्याकडे वळावे लागले.

या अठरा महिन्यांची आठवण जगाला आहे ती शिशामुळे. जुन्या शिशाच्या नळजोडण्यांमधून विरघळलेले शिसे लहान मुलांच्या रक्तात पोहोचले आणि बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये ते आकड्यांनिशी मांडल्यावर प्रशासनाला माघार घ्यावी लागली. मात्र त्याच काळात आणि त्याच परिसरात न्यूमोनियाची एक वेगळी साथ चालू होती. फ्लिंट ज्या जेनेसी काउंटीत येते, तेथे २०१४ आणि २०१५ या दोन उन्हाळ्यांच्या आगेमागे लीजनेअर्स आजाराचे सुमारे ९० रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील १२ जण दगावले. त्यापूर्वीच्या वर्षांत याच काउंटीत वर्षाकाठी साधारण ६ ते १३ रुग्ण आढळत असत. या साथीची जाहीर वाच्यता राज्याच्या गव्हर्नरांनी केली ती १३ जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे साथ ओसरल्यानंतर.

शिसे आणि न्यूमोनिया ही एकाच रासायनिक निष्काळजीपणाची दोन फळे होती, असे उपलब्ध पुराव्यांचा विचार करता म्हणावे लागते. शिशाचा मार्ग समजायला धातूचे रसायनशास्त्र पुरते. न्यूमोनियाचा मार्ग समजायचा असेल तर जलवाहिन्यांच्या आत राहणाऱ्या सूक्ष्मजीव समुदायाकडे एक परिसंस्था म्हणून पाहावे लागते. ते तसे पाहिले गेले नाही, आणि म्हणूनच शिसे उघडकीस आल्यानंतरही न्यूमोनियाची कहाणी बराच काळ त्याच्या सावलीत राहिली.

शहराची स्थिती

फ्लिंट हे मोटार उद्योगावर उभे राहिलेले शहर. १९६० मध्ये त्याची लोकसंख्या जवळपास २ लाख होती. कारखाने गेले, लोक गेले आणि २०१४ पर्यंत ती निम्म्यावर, सुमारे एक लाखावर आली. जलवाहिन्यांचे जाळे मात्र पूर्वीच्याच मापाचे राहिले. मोठ्या व्यासाच्या, जुन्या, बहुतांशी लोखंडी पाइपांमधून कमी पाणी वाहू लागले की ते केंद्रातून निघून नळापर्यंत पोहोचायला अधिक दिवस घेते. या कालावधीला पाणीपुरवठ्याच्या व्यवहारात पाण्याचे वय म्हणतात. वय जितके जास्त तितके पाण्यातले निर्जंतुक करणारे क्लोरीन वाटेतच खर्ची पडते आणि शेवटच्या टोकाच्या नळाला ते नाममात्र उरते. म्हणजे पाणी बदलण्याआधीच हे जाळे नाजूक होते.

लोखंडाच्या भिंतीवरची वस्ती

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निर्जंतुक असते, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. ते सुरक्षित असते. निर्जंतुक नसते, आणि तसे करण्याचा कोणाचा इरादाही नसतो. उत्तम दर्जाच्या पिण्याच्या पाण्यातही एका लिटरमध्ये दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत जिवाणू पेशी आढळतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. आणि पाण्यात तरंगणारी ही संख्याही एकूण वस्तीचा छोटा अंशच असते. वितरण जाळ्यातील जिवाणूंचा फार मोठा भाग, एका बहुमान्य अंदाजानुसार ९५ टक्क्यांच्या वर, पाइपांच्या आतील भिंतींना चिकटलेल्या बुळबुळीत थरात राहतो. या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात.

जैवपटल म्हणजे जिवाणूंनी स्वतःच स्रवलेल्या शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांच्या जाळीत बसलेली वस्ती. लोखंडी पाइपात ती गंजाच्या उंचवट्यांवर आणि त्यांच्या खाचांत विशेष जोमाने वाढते, कारण तेथे पृष्ठभाग भरपूर असतो, प्रवाहाचा जोर कमी असतो आणि क्लोरीनला आत शिरायला वेळ लागतो. स्फिंगोमोनास, मिथायलोबॅक्टेरियम, स्यूडोमोनास, मायकोबॅक्टेरियम अशा अनेक वंशांचे जिवाणू येथे एकत्र नांदतात. त्यांच्यावर चरणारे एकपेशीय जीव, विशेषतः अकँथअमीबा आणि व्हर्मअमीबा यांसारखे मुक्तजीवी अमीबा, याच थरावर फिरत असतात. थोडक्यात, येथे उत्पादक, भक्षक, स्पर्धक आणि निवारे शोधणारे असे सगळे घटक आहेत. प्रकाश तेवढा नाही.

लेजिओनेला न्यूमोफिला हा लीजनेअर्स आजाराचा जिवाणू या समुदायातला अल्पसंख्य रहिवासी आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची गूढ साथ पसरली, तीतून या आजाराला नाव मिळाले. जिवाणूची ओळख पुढच्या काही महिन्यांत पटली. गोड्या पाण्यात तो जवळजवळ सर्वत्र आढळतो, पण स्वतंत्रपणे वाढायला तो फार अवघड आहे. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचे तर माध्यमात सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि भरपूर लोह घालावे लागते. नळाच्या पाण्यात सिस्टीन कोठून येणार? ते शेजाऱ्यांकडून येते. फ्लॅव्होबॅक्टेरियमसारख्या काही जिवाणूंच्या वसाहतींभोवती लेजिओनेला अशा माध्यमावरही वाढतो, ज्यावर एकटा तो तग धरत नाही. याउलट काही जिवाणू त्याची वाढ रोखणारी द्रव्ये स्रवतात. त्याचे भवितव्य असे शेजारावर अवलंबून असते.

त्याची खरी भरभराट होते ती अमीबाच्या पोटात. टी. जे. रोबोथम यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की अमीबा या जिवाणूला गिळतो, पण तो पचत नाही. उलट अमीबाच्या आतच त्याची संख्या वाढते आणि शेवटी यजमान फुटून शेकडो जिवाणू बाहेर पडतात. यासाठी लेजिओनेलाकडे एक खास स्राव यंत्रणा असून तिच्याद्वारे तो यजमान पेशीत सुमारे ३०० निरनिराळी प्रथिने सोडतो आणि पेशीची पचनव्यवस्था बाजूला वळवतो. माणसाच्या फुप्फुसातील भक्षकपेशी अमीबाप्रमाणेच जिवाणू गिळून मारतात. अमीबाविरुद्ध घडलेली युक्ती तेथेही तशीच लागू पडते, आणि हाच या आजाराचा गाभा आहे. माणूस या जिवाणूच्या जीवनचक्रातला आवश्यक टप्पा नाही. माणसाकडून माणसाला हा आजार जवळजवळ कधीच होत नाही, त्यामुळे उत्क्रांतीच्या दृष्टीने मानवी फुप्फुस त्याच्यासाठी आंधळी गल्ली आहे.

अमीबाचा आणखी एक उपयोग आहे. परिस्थिती बिघडली की अकँथअमीबा कठीण कवच धारण करून सुप्तावस्थेत जातो. अशा कवचात दडलेला लेजिओनेला लिटरमागे ५० मिलिग्रॅम मुक्त क्लोरीनमध्येही जिवंत राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. नळाच्या पाण्यात सहसा असते त्याच्या कितीतरी पट हे प्रमाण आहे. त्यामुळे क्लोरीनने लेजिओनेलाचा समूळ नाश होईल अशी अपेक्षा मुळातच व्यर्थ ठरते. क्लोरीनचे काम त्याला आणि त्याच्या यजमानांना दाबून ठेवण्याचे असते, आणि हा दाब पाइपाच्या शेवटच्या टोकापर्यंत अखंड राहिला पाहिजे.

पाण्याचे रसायन आणि बिघडलेला तोल

डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट नावाचे गंजरोधक मिसळलेले असे. ते लोखंड आणि शिसे यांच्या पृष्ठभागावर अविद्राव्य फॉस्फेटचा पातळ थर तयार करते आणि धातू व पाणी यांचा थेट संबंध तोडते. कित्येक वर्षे फ्लिंटच्या पाइपांवर हा थर जमत गेला होता आणि त्याच्यावरच जैवपटल स्थिरावले होते. एप्रिल २०१४ नंतर ऑर्थोफॉस्फेट घालणे बंद झाले. फ्लिंट नदीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण मुळात अधिक होते आणि गढूळपणा खाली बसवण्यासाठी वापरलेल्या फेरिक क्लोराइडने त्यात भर घातली. क्लोराइड वाढले की लोखंडाची झीज वाढते. ऑक्टोबर २०१४ मध्ये शहरातील एका मोठ्या मोटार कंपनीने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून हे पाणी आपल्या कारखान्यात वापरणे थांबवले. ज्या पाण्याने यंत्रांचे सुटे भाग झिजतात, ते शहराच्या लोखंडी पाइपांचे काय करील, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील मार्क एडवर्ड्स आणि एमी प्रूडन यांच्या गटाने नंतर जुनी आणि नवी आकडेवारी एकत्र करून या बदलाचे मोजमाप केले. अल्पकालीन चाचण्यांत प्रक्रिया केलेले फ्लिंट नदीचे पाणी डेट्रॉइटच्या पाण्यापेक्षा ८.६ पट अधिक गंजकारक ठरले. नदीचे पाणी उन्हाळ्यात अधिक उबदारही होते. लेजिओनेलाच्या वाढीला किमान २० अंश सेल्सिअस तापमान लागते. डेट्रॉइटचे पाणी वर्षातून सरासरी ६३ दिवस ही मर्यादा ओलांडत असे, तर फ्लिंट नदीचे १५७ दिवस. पाइप फुटण्याचे प्रमाणही २०१० ते २०१३ च्या तुलनेत १.३ ते २.२ पट झाले, आणि प्रत्येक फुटीबरोबर दाब घसरतो, जैवपटलाचे तुकडे सुटतात व गाळ हलतो.

या सगळ्यात गंजाची भूमिका दुहेरी होती. लोखंड गंजताना विद्राव्य लोह पाण्यात उतरते. हे लोह क्लोरीनशी तत्काळ अभिक्रिया करते. एक मिलिग्रॅम क्लोरीन साधारण दीड मिलिग्रॅमहून थोड्या अधिक लोहाचे रूपांतर करण्यात संपून जाते. म्हणजे केंद्रातून पुरेसे क्लोरीन घालून सोडलेले पाणी गंजक्या पाइपांतून जाता जाता ते गमावून बसते. दुसरीकडे हेच लोह लेजिओनेलाला हवे असलेले पोषक द्रव्य आहे. अशा रीतीने एकाच रासायनिक क्रियेने पहारा उठवला आणि शिधाही पुरवला. नदीच्या पाण्यातील अधिक सेंद्रिय कार्बनने बाकीच्या जिवाणूंना खाद्य दिले, जिवाणूंवर अमीबा पोसले, आणि अमीबांमध्ये लेजिओनेलाची सोय झाली. उपलब्ध पुराव्यांशी ही साखळी चांगली जुळते. तिच्यातील प्रत्येक दुवा एकेकटा पाहिला तर किरकोळ वाटतो.

प्रशासनाने केलेले उपाय या साखळीला छेद देणारे नव्हते, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१४ मध्ये काही भागांतील पाण्यात ई. कोलाय व कोलिफॉर्म गटाचे जिवाणू सापडले. पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या आणि क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. परंतु सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या पाण्यात क्लोरीन वाढवले की ट्रायहॅलोमिथेन ही अपायकारक उपउत्पादने तयार होतात. त्यांची लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम ही कायदेशीर मर्यादा ओलांडली गेल्याची सूचना रहिवाशांना जानेवारी २०१५ च्या प्रारंभी मिळाली. मग सेंद्रिय द्रव्य कमी करण्यासाठी फेरिक क्लोराइड वाढवण्यात आले. त्याने क्लोराइड वाढले, क्लोराइडने गंज वाढला, आणि गंजाने पुन्हा क्लोरीन खाल्ले. प्रत्येक पाऊल त्या त्या निकषापुरते समर्थनीय होते, आणि प्रत्येक पावलाने मूळ दुखणे वाढवले. स्वस्तात आणि त्वरेने करता येण्यासारखी गोष्ट ऑर्थोफॉस्फेट पुन्हा सुरू करणे ही होती. तीच झाली नाही.

फॉस्फेट हेही जिवाणूंचे पोषक द्रव्य आहे, तेव्हा ते घातल्याने सूक्ष्मजीव वाढणार नाहीत का, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही, पण येथे लागू होत नाही. डेट्रॉइटच्या पाण्यात कार्बनच इतका कमी होता की फॉस्फेट उपलब्ध असूनही वाढीला लगाम राहत असे. कोणते पोषक द्रव्य सर्वांत तुटीचे आहे यावर समुदायाची वाढ ठरते, आणि तेच पाहायचे असते.

मूत्रचाचणीच्या मर्यादेत सापडलेली साथ

लीजनेअर्स आजार पाणी पिण्याने होत नाही. जिवाणू असलेले सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने होतो. शॉवर, कारंजी, वातानुकूलनाचे शीतक मनोरे आणि रुग्णालयांतील श्वसनाची उपकरणे हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. संसर्गानंतर साधारण २ ते १४ दिवसांत ताप, खोकला, धाप आणि अनेकदा अतिसार व मतिभ्रम सुरू होतो. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, फुप्फुसाचा जुना विकार असलेले किंवा प्रतिकारशक्ती खालावलेले लोक अधिक बळी पडतात. मृत्यूचे प्रमाण साधारण दहा टक्के असते. जिवाणू पेशींच्या आत राहत असल्याने न्यूमोनियावर सामान्यतः दिली जाणारी पेनिसिलिन गटातली औषधे निरुपयोगी ठरतात. पेशीत शिरणारी अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन यांसारखी औषधे द्यावी लागतात. म्हणून डॉक्टरला या आजाराची वेळीच शंका येणे रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते, आणि आपल्या परिसरात साथ आहे हे ठाऊक असल्याशिवाय अशी शंका सहजी येत नाही. फ्लिंटमधील मौनाची वैद्यकीय किंमत येथे मोजावी लागते. काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मार्च २०१५ मध्येच साथ आणि पाणीबदल यांच्या संबंधाविषयीची चिंता लेखी कळवली होती. त्यानंतर दुसरा उन्हाळा आला आणि रुग्णांची दुसरी लाट आली.

पाणीबदल आणि साथ यांचा संबंध किती बळकट होता याचे सांख्यिकी उत्तर सामी झहरान, शॉन मॅकएल्मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दिले. नदीच्या पाण्याच्या काळात फ्लिंटमध्ये या आजाराची शक्यता सुमारे ६ पटींनी वाढल्याचे आणि रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के पाणीबदलाशी जोडता येत असल्याचे त्यांना आढळले. ज्या भागांत मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या खाली गेले तेथे आजाराची शक्यता सुमारे तिप्पट, आणि ०.२ च्या खाली गेले तेथे सुमारे चौपट दिसली. क्लोरीन घटत जाते तसा आजार वाढत जातो, हा क्रम माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत वजनदार पुरावा आहे, कारण वर सांगितलेल्या जैविक साखळीतून नेमके हेच अपेक्षित होते.

तरीही वाद झाला, आणि तो निव्वळ राजकीय नव्हता. बरेच रुग्ण आजारी पडण्यापूर्वी शहरातील एकाच रुग्णालयात राहिलेले होते. राज्याच्या आरोग्य विभागाने साथीचा उगम त्या इमारतीत असल्याची भूमिका घेतली. टीकाकारांनी शहराच्या पाण्याकडे बोट दाखवले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने हा पर्याय मुळातच चुकीचा मांडलेला आहे. मोठी इमारत म्हणजे लांब आणि गुंतागुंतीची गरम पाण्याची नळयोजना, कोमट तापमानाचे टप्पे आणि क्वचितच उघडले जाणारे नळ. शहराकडून क्लोरीनविरहित, लोहयुक्त पाणी आले तर त्याचा परिणाम सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अशाच इमारतीत दिसणार. व्हर्जिनिया टेकच्या गटाने २०१५ मध्ये घेतलेल्या नमुन्यांतही लेजिओनेलाच्या जनुकांच्या खुणा मोठ्या इमारतींत ठळक होत्या, तर लहान घरांत व दुकानांत फारशा नव्हत्या. एकाच रुग्णालयात रुग्ण एकवटले म्हणून शहराचे पाणी निर्दोष ठरत नाही, आणि शहराचे पाणी दोषी ठरले म्हणून इमारतीची जबाबदारी संपत नाही.

निर्णायक पुरावा रुग्णांच्या थुंकीतून वाढवलेल्या जिवाणूंचा आणि पाण्यातील जिवाणूंचा जनुकीय मेळ घालून मिळाला असता. तो मोठ्या प्रमाणावर घालता आला नाही, कारण बहुतेक निदान मूत्रातील प्रतिजनाच्या, म्हणजे जिवाणूच्या ओळखू येणाऱ्या अंशाच्या, चाचणीवर झाले होते. ही चाचणी काही मिनिटांत उत्तर देते आणि तिच्यामुळे कित्येकांचे प्राण वाचतात. पण तिला जिवंत जिवाणू लागत नाही, म्हणून तो कोणी वाढवतही नाही. शिवाय ती लेजिओनेला न्यूमोफिलाचा क्रमांक एकचा रक्तजलप्रकारच (सेरोग्रुप, म्हणजे प्रतिजनांवरून पाडलेला उपप्रकार) ओळखते. मिशिगन विद्यापीठातील मिशेल स्वॉन्सन यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये जमवलेल्या नमुन्यांतून फ्लिंटमधील घरांच्या नळांत क्रमांक सहाचा प्रकार सापडल्याचे आणि तो प्रयोगशाळेत मानवी भक्षकपेशींना संसर्ग करू शकत असल्याचे दाखवले. या प्रकाराने आजारी पडलेला रुग्ण मूत्रचाचणीत निरोगीच दिसला असता आणि त्याच्या कागदावर साधा न्यूमोनिया लिहिला गेला असता. ९० हा आकडा म्हणून कमीत कमी समजावा.

पाणी पूर्ववत, वस्ती नाही

ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचे पाणी परत आले आणि डिसेंबरपासून त्यात शहराने ऑर्थोफॉस्फेटची जादा मात्रा घालायला सुरुवात केली. स्रोत एका दिवसात बदलता येतो; पाइपाच्या भिंतीवरचा थर बदलायला महिने लागतात. उखडलेले गंजाचे पापुद्रे अजून लोह सोडत होते, वाढलेले जैवपटल तेथेच होते, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. फसवल्या गेलेल्या नागरिकांनी नळाचे पाणी वापरणेच कमी केले. लोक बाटलीबंद पाण्यावर राहू लागले. घरातील पाइपांत पाणी साचून राहिले, आणि ताजे क्लोरीन व फॉस्फेट जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचेना. मे २०१६ मध्ये प्रशासनाला रहिवाशांना विनंती करावी लागली की त्यांनी दोन आठवडे दररोज पाच मिनिटे नळ पूर्ण सोडून ठेवावेत. लोकांचा विश्वास ही गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात नसते, पण येथे ती क्लोरीनच्या पातळीइतकीच प्रत्यक्ष परिणाम करणारी ठरली. पुढे नोव्हेंबर २०१६ च्या नमुन्यांत लेजिओनेलाच्या जनुकीय खुणा आणि जिवंत वाढणारे जिवाणू, दोन्ही २०१५ च्या तुलनेत घटलेले आढळले.

न्यायालयीन बाजू थोडक्यात सांगता येते. साथीतील मृत्यूंबद्दल राज्याच्या आरोग्य विभागाच्या तत्कालीन संचालकांवर २०१७ मध्ये सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, २०१९ मध्ये तो मागे घेण्यात आला, २०२१ मध्ये पुन्हा ठेवला गेला आणि २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपनिश्चितीची पद्धतच अवैध ठरवल्यावर बारगळला. दिवाणी दाव्यांत ६२ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. तिचा मोठा हिस्सा शिशाची बाधा झालेल्या मुलांसाठी राखला गेला.

काय मोजले जाते

या प्रकरणातून नियमनाचा एक प्रश्न पुढे येतो, आणि तो फ्लिंटपुरता नाही. जगभर पिण्याच्या पाण्याची सूक्ष्मजैविक तपासणी मुख्यतः ई. कोलाय आणि कोलिफॉर्म यांच्यावर उभी आहे. हे जिवाणू विष्ठेने झालेल्या दूषितीकरणाचे निदर्शक आहेत. पटकी, विषमज्वर, हगवण यांच्याविरुद्धच्या लढाईत या तपासणीने अगणित जीव वाचवले आहेत. पण लेजिओनेला बाहेरून आत येणारा शत्रू नाही. तो पाइपाच्या आत, कोणत्याही विष्ठेशिवाय वाढतो. ई. कोलायची चाचणी निर्दोष असताना लेजिओनेलाची संख्या कितीही असू शकते. अमेरिकेच्या पृष्ठजल प्रक्रिया नियमांत असे गृहीत धरलेले आहे की शुद्धीकरणाने जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि विषाणू काढले किंवा निष्प्रभ केले की लेजिओनेलाही आटोक्यात येतो. केंद्राच्या फाटकापाशी हे ढोबळमानाने खरे असेल. पाण्याने त्यापुढे काही दिवस गंजक्या लोखंडातून प्रवास केल्यावर नाही.

नेदरलँड्सने बराच आधी वेगळी वाट धरली. तेथे बहुतेक ठिकाणी पाणी क्लोरीनशिवाय वितरित होते. त्याऐवजी जिवाणूंना सहज वापरता येईल असा सेंद्रिय कार्बन शुद्धीकरणातच इतका खाली आणला जातो, शक्यतो लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या आत, की पाइपांतील वस्ती उपाशी आणि स्थिर राहते. ही पद्धत प्रत्येक शहराला परवडणारी नाही, आणि १९९९ मध्ये बोव्हेनकारस्पेल येथील पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या एका स्नानकुंडातून नेदरलँड्समध्येही लेजिओनेलाची भीषण साथ उद्भवली होती, हे विसरता येत नाही. पण समुदायाला मारण्याऐवजी त्याचे अन्न नियंत्रित करण्याचा विचार तिच्या मुळाशी आहे, आणि तो फ्लिंटच्या संदर्भात उद्बोधक आहे, कारण फ्लिंटमध्ये मारण्याचे साधन आणि उपाशी ठेवण्याची स्थिती, दोन्ही एकदमच हातची गेली.

फ्लिंटनंतर काही नियम बदलले. जून २०१७ पासून अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य विमा यंत्रणेने रुग्णालयांना व शुश्रूषागृहांना आपल्या इमारतींसाठी लेजिओनेलाविषयक जलव्यवस्थापनाची आखणी करणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२० च्या पेयजल निर्देशात रुग्णालये, हॉटेले यांसारख्या इमारतींसाठी लेजिओनेलाचे जोखीम मूल्यांकन आले आणि लिटरमागे १,००० वसाहतींची मर्यादा ठरली. दोन्ही तरतुदी इमारतीच्या आतल्या नळांकडे पाहतात. शहराच्या जाळ्यातून त्या इमारतीच्या उंबरठ्याशी येणाऱ्या पाण्यात किती क्लोरीन शिल्लक आहे, किती लोह विरघळलेले आहे आणि ते किती उबदार आहे, याचा हिशेब पाणीपुरवठा विभागाकडे राहतो. इमारतीच्या व्यवस्थापकाला तो मागितल्याशिवाय मिळत नाही. जलमापकाच्या अलीकडे एक यंत्रणा जबाबदार आणि पलीकडे दुसरी, अशी ही वाटणी आहे. पाइपांतील वस्ती मात्र मापकाच्या दोन्ही बाजूंना सलग असते.